व्हिव्हियन थॉमस यांची गोष्ट वर्गात सांगताना

ज्यांच्या घरात किंवा वस्तीत आजवर कुणी डॉक्टर झालेले नाही, अशा मुलांना बालरोगतज्ज्ञ होण्याची उमेद यावी म्हणून काय दाखवावे, असा प्रश्न शिक्षकांना पडतो. 'समथिंग द लॉर्ड मेड' हा २००४ सालचा अमेरिकन दूरचित्रपट त्यासाठी चटकन सुचतो. जोसेफ सार्जंट यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला त्याच वर्षी एमी पारितोषिक मिळाले. तो मुलांना जरूर दाखवावा असेच आमचे मत आहे. मात्र चित्रपट संपल्यावर मुलांशी काय बोलायचे, ते आधी ठरवून ठेवलेले बरे. नाहीतर 'जिद्द असली की सगळे जमते' एवढेच मुलांच्या हाती लागेल, आणि या गोष्टीतून तेवढे तर मुळीच सिद्ध होत नाही.

गोष्ट खरी आहे. व्हिव्हियन थॉमस हे नॅशव्हिल शहरातल्या एका कृष्णवर्णीय सुताराचे चिरंजीव. डॉक्टर व्हायचे म्हणून त्यांनी सुतारकाम करून पैसे साठवले होते. १९२९च्या मंदीत काम गेले, म्हणून १९३० साली ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले. काही महिन्यांतच बँक बुडाली आणि शिक्षणासाठी साठवलेले पैसेही बुडाले. पुढे ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये गेले, तेव्हा १९४१ साली थॉमसही त्यांच्याबरोबर गेले.

तिथे बालहृदयरोगाच्या डॉक्टर हेलन टॉसिग यांनी त्यांच्यापुढे 'निळ्या बाळां'चा प्रश्न ठेवला. या बाळांच्या हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते. पुरेसे रक्त फुप्फुसात पोचत नाही, प्राणवायू कमी पडतो आणि ओठ, नखे निळी पडतात. गर्भावस्थेत महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी एक छोटी नलिका असते. जन्मानंतर ती मिटते. ज्या निळ्या बाळांची नलिका उघडी राहिली आहे ती बरी असतात आणि ती मिटली की बिघडतात, हे टॉसिग यांनी ताडले होते. मग तशीच वाट शस्त्रक्रियेने का करू नये? थॉमस यांनी कुत्र्यांवर सुमारे २०० प्रयोग करून, हाताकडे जाणारी धमनी फुप्फुस धमनीला जोडण्याचे तंत्र बसवले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉक यांनी ती शस्त्रक्रिया एका तान्ह्या मुलीवर केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घालायचे ते सांगत होते.

प्रयोगशाळेतले हे काम चित्रपटात चांगले आले आहे. विज्ञान हातांनीही घडते, हे मुलांना दिसते. वर्णभेदही लपवलेला नाही. आमची तक्रार शेवटाबद्दल आहे. थॉमस यांना मानद डॉक्टरेट मिळते, त्यांचे तैलचित्र भिंतीवर लागते, आणि आपण डोळे पुसत उठतो. जणू हिशेब चुकता झाला! पण ही पदवी १९७६ साली मिळाली, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर ३२ वर्षांनी, आणि ती होती कायद्याची. वैद्यकाची पदवी थॉमस यांना कधीच मिळाली नाही. १९४५च्या शोधनिबंधावर ब्लॅलॉक आणि टॉसिग यांची नावे आहेत, थॉमस यांचे नाही. व्हँडरबिल्टच्या नोंदीत तर त्यांची वर्गवारी सफाई कामगाराची होती. १९४७ साली त्यांनी पुन्हा महाविद्यालयाची चौकशी केली, पण अनुभवाची सूट न मिळता पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागणार होती. डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी आली असती, म्हणून त्यांनी तो विचार सोडला.

जिद्द, बुद्धी, हस्तकौशल्य यांपैकी थॉमस यांच्याकडे काय कमी होते? उमेद तर त्यांना कुणी द्यायची गरजच नव्हती. नॅशव्हिलमध्येच मेहॅरी हे कृष्णवर्णीयांना प्रवेश देणारे वैद्यकीय महाविद्यालय होते आणि तिथे जायचे त्यांनी ठरवलेही होते. कमी पडले ते पैसे, आणि पैसे गेल्यावर पुन्हा आत येण्याची वाट.

याच गोष्टीतल्या टॉसिग यांच्याशी तुलना करून पाहा. चित्रपट दोन पुरुषांच्या नात्याचा असल्याने त्या बाजूलाच राहतात. लहानपणी त्यांना वाचायला जड जाई, पुढे ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्या बाळाच्या छातीला हात लावून हृदय तपासत. हार्वर्ड स्त्रियांना वैद्यकाची पदवी देत नव्हते. हॉपकिन्समध्ये मात्र त्यांना प्रवेश मिळाला आणि १९२७ साली त्या डॉक्टर झाल्या. हॉपकिन्सचे दार उघडे कसे होते? १८९३ साली ही वैद्यकीय शाळा सुरू होताना पैसे अपुरे होते. मेरी गॅरेट यांनी मोठी देणगी दिली, पण पुरुषांच्याच अटींवर स्त्रियांनाही प्रवेश मिळाला पाहिजे, अशी अट घालून. टॉसिग यांच्या जिद्दीला त्या अटीचा आधार होता.

कृष्णवर्णीय विद्यार्थी हॉपकिन्समधून पहिल्यांदा डॉक्टर झाले ते १९६७ साली. लीव्हाय वॉटकिन्स हे कृष्णवर्णीय हृदयशल्यविशारद १९७९ साली तिथल्या प्रवेश समितीवर आले आणि त्यांनी देशभरातून अशा विद्यार्थ्यांना बोलावण्याची मोहीम काढली. त्यानंतर त्यांची संख्या वाढली. चित्रपटाच्या शेवटी हे दोन शब्दांत सांगितले असते, तरी गोष्ट पुरी झाली असती.

शिक्षकांना आमची सूचना अशी. चित्रपट दाखवून झाल्यावर मुलांना एकच प्रश्न विचारावा: थॉमस यांच्या आयुष्यात कोणत्या दिवशी, कुणी, काय केले असते तर ते डॉक्टर झाले असते? मुले बँकेपाशी जातील, पगारापाशी जातील, १९४७च्या महाविद्यालयापाशी थांबतील. मग आपल्याकडची वाट फळ्यावर मांडावी. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, 'नीट' परीक्षा, एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता, पुन्हा प्रवेश परीक्षा आणि बालरोगशास्त्रातल्या एम.डी.ची तीन वर्षे. प्रत्येक टप्प्यावर खर्च किती, कोणती शिष्यवृत्ती, कोणता दाखला आणि तो किती आधी काढायचा, हेही लिहावे. जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेत हाती नसल्याने प्रवेश अडला, असे होऊ नये. हे सांगणारे घरी कुणी नसेल, त्या मुलाला ते शाळेतच कळले पाहिजे.