यूएसबीची मंजुरी आणि आकडे

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला विहिरीवर विजेचा पंप बसवायचा तर आधी अर्ज करावा लागतो. पंप किती अश्वशक्तीचा ते लिहून द्यायचे, डिमांड नोट भरायची, भार मंजूर झाला की मग जोडणी. संगणकाच्या यूएसबी पोर्टसाठी १९९६ साली जी नियमावली आली, तिची धाटणी अशीच आहे. ती वर्गात जरूर शिकवावी, पण केवळ कागदावरची शिकवू नये, असे आम्हांला वाटते.

कागदावर असे आहे : उपकरण जोडताच त्याला ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो, मात्र ओळख पटेपर्यंत त्याने १०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक धारा घ्यायची नाही. संगणक विचारपूस करतो, तेव्हा उपकरण आपली कमाल गरज एका अंकात कळवते. हा अंक २ मिलिअँपिअरच्या पटीत असतो, म्हणजे २५० सांगितले तर मागणी ५०० ची. संगणकाने मान्यता दिली की उपकरण ‘कॉन्फिगर’ झाले. मग ५०० पर्यंत मुभा. (२००८ च्या यूएसबी ३.० मध्ये या मर्यादा १५० आणि ९०० झाल्या.) मान्यता नाही, तर १०० मध्येच भागवायचे. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या चार पोर्टच्या हबचा हिशेबही यातच आहे : १०० हबला, १००-१०० प्रत्येक पोर्टला. शाळेतला यूएसबी सूक्ष्मदर्शक संगणकावर चालतो आणि अशा हबवर अडतो, तेव्हा त्याला नादुरुस्त ठरवण्यापूर्वी ही बेरीज करून पाहावी.

आता व्यवहार पाहू. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा लॅपटॉपला लावायचा छोटा यूएसबी पंखा कोणालाही हवासा वाटेल. अशा साध्या पंख्यात फक्त विजेच्या दोन तारा जोडलेल्या असतात. माहितीच्या तारांशी त्याचा संबंधच नसतो. तो विचारत नाही, सांगत नाही, सरळ फिरू लागतो. आपल्याकडे याला आकडा टाकणे म्हणतात! पोर्ट त्याला अडवत नाही, कारण १०० वर चाप लावणारे तिथे सहसा काही नसते. अतिधारेपासून संरक्षण असते, पण ते ५०० च्याही बरेच पुढे गेल्यावर जागे होते.

आमचा आक्षेप इथे आहे. मर्यादा पाळण्याचा सारा भार उपकरणाच्या प्रामाणिकपणावर टाकला, आणि अडचण झाली ती प्रामाणिकांचीच. बॅटरी पार उतरलेल्या फोनला संगणकाशी बोलण्यापुरतेही त्राण नसते. मग मंजुरी मागणार कोण? २०१० च्या चार्जिंग नियमावलीत अशा उपकरणाला ४५ मिनिटांपर्यंत १०० मिलिअँपिअर घेण्याची सवलत आहे. पुढे टाइप-सी पोर्टने तर आपण १.५ किंवा ३ अँपिअर देऊ शकतो हे एका रोधकाच्या साहाय्याने स्वतःच जाहीर करण्याची सोय केली. हा मार्ग आम्हांला अधिक सरळ वाटतो. तरी तिथेही जाहीर केले त्याहून जास्त न घेणे उपकरणाच्याच हाती राहते.

पोर्टमध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर मिळाल्यास विद्यार्थ्यांना आधी माऊसची आणि नंतर पंख्याची धारा मोजू द्यावी. दोहोंपैकी परवानगी कोणी मागितली, हे मात्र मीटर दाखवत नाही. त्यासाठी केबलमधल्या तारा मोजाव्या लागतील.