‘इक्वॅनिमिटी’, ‘उपेक्खा’ आणि आपली उपेक्षा

इंग्रजी ग्रंथांच्या आधारे बौद्ध धम्माचा अभ्यास करणाऱ्यास ‘इक्वॅनिमिटी’ हा शब्द वारंवार भेटतो. चार ब्रह्मविहारांतील चौथा विहार, सात बोज्झंगांतील सातवे अंग आणि पालि परंपरेतील दहावी पारमिता, अशी जी ‘उपेक्खा’, तिच्यासाठी हा शब्द रूढ झाला आहे. तो आपण ‘शांती’ किंवा ‘तटस्थता’ म्हणून मराठीत आणतो आणि या दुहेरी भाषांतरात मूळ अर्थ क्षीण होतो. म्हणून या शब्दाची चिकित्सा अगत्याची आहे.

‘इक्वॅनिमिटी’चे मूळ लॅटिन आहे. ‘ईक्वस’ म्हणजे सपाट, सम, समान आणि ‘ॲनिमस’ म्हणजे चित्त. समानतावाचक ‘इक्वल’ आणि न्यायवाचक ‘इक्विटी’ हे शब्द याच कुळातील होत. सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा निःपक्षपाती बुद्धी असाही त्याचा एक अर्थ होता. पुढे तो लुप्त झाला व मनाची स्थिरता एवढाच अर्थ उरला. विल्यम ऑस्लर यांनी १८८९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात याच लॅटिन शब्दावर भाषण दिले. त्यात वैद्याने आणीबाणीच्या प्रसंगी अविचल राहावे, हा उपदेश होता. उपदेश मोलाचा खरा. परंतु समतेचा धागा सुटून शब्द व्यक्तीच्या मनःस्वास्थ्यापुरता उरल्याचे त्यातून दिसते.

पालि शब्दाची घडण वेगळी आहे. ‘उप’ आणि ‘ईक्ष्’, म्हणजे जवळून पाहणे. लॅटिन शब्दात सम आहे, पण पाहणे नाही. हे पाहणे गौण नव्हे. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष ‘विसुद्धिमग्गा’त राग आणि पटिघ यांना उपेक्खेचे दूरचे शत्रू म्हणतात आणि अज्ञानातून येणाऱ्या बेफिकिरीला जवळचा शत्रू ठरवतात. जवळचा शत्रू अधिक घातक, कारण तो मित्रासारखा दिसतो. ज्याला काही दिसतच नाही, त्याचीही मुद्रा शांतच असते.

मराठीत नेमका हाच शत्रू मूळ शब्दाच्या जागी बसला आहे. आपल्या भाषेत उपेक्षा म्हणजे हेळसांड, डावलणे. शतकानुशतके जी आपल्या वाट्याला आली, तीच ही उपेक्षा. उपेक्षितांना उपेक्षेचा सद्गुण शिकवावा, असा विपर्यास यातून संभवतो. ‘तटस्थता’ हाही समाधानकारक पर्याय नव्हे. तटस्थ तो, जो काठावर उभा राहतो. अभिधम्मातील ‘तत्रमज्झत्तता’ हा पर्यायी शब्द मात्र ‘तेथे, मध्यभागी असणे’ सुचवतो. काठ आणि मध्य यांत फार अंतर आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे अंतर ओळखले होते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात पारमितांचे विवरण करताना त्यांनी पालि शब्द कायम ठेवला आणि उपेक्खा म्हणजे उदासीनता नव्हे, हे स्पष्ट केले. त्यांच्या मते आवड-नावड या दोहोंपलीकडची ही चित्तावस्था होय. तीत मनुष्य फळाने विचलित होत नाही, तरीही ध्येयासाठी प्रयत्नरत राहतो. या विवरणाचा उत्तरार्ध ‘इक्वॅनिमिटी’त मुळीच सामावत नाही.

या अर्थाचा पडताळा महाडला मिळतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी अनुयायांना प्रतिहल्ल्यापासून परावृत्त केले. परंतु हक्क सोडला नाही. न्यायालयीन लढा चालू राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय लागला. पटिघाला थारा नाही, माघारही नाही. आमच्या मते ही उपेक्खाच होय.

म्हणून मराठी लेखनात ‘उपेक्खा’ हा पालि शब्दच योजावा आणि गरज पडेल तेथे ‘समचित्तता’ असे स्पष्टीकरण द्यावे. मात्र अन्याय पाहूनही स्वस्थ बसणाऱ्या शांतीला हे नाव कोणत्याही भाषेत देऊ नये.