तबकडीची दुसरी बाजू

इंदूरच्या रसिकाला तबकडीच्या दोन बाजूंचे महत्त्व सांगावयास नको. उस्ताद अमीर खाँ यांच्या १९६० सालच्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेत एका बाजूस मारवा आहे, दुसरीस दरबारी. यांतील गौण कोणता, असे येथे कोणी विचारीत नाही.

पाश्चात्त्य रॉक संगीतातील लहान तबकडीची रीत निराळी होती. पहिली बाजू खपासाठी निवडलेल्या गीताची. दुसरी बहुधा भरतीची. समीक्षकही बहुधा पहिलीवरच थांबत. या सवयीत काय निसटते, ते 'क्वीन' या इंग्रज वृंदाच्या दोन तबकड्यांवरून दिसते. या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी कुटुंबातला फरोख बल्सारा. त्याचे बरेचसे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले.

१९७५ ची 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ही त्याची सुमारे सहा मिनिटांची रचना. तिच्या पाठीवर तालवादक रॉजर टेलर यांचे मोटारीच्या प्रेमावरील गीत आहे. विक्रीतून दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखाच मोबदला मिळे, म्हणून त्या जागेस मोल होते. परंतु या दोन गीतांचा संबंध केवळ शेजाराचा आहे. दुसरी बाजू म्हणून प्रत्येक रचना डोक्यावर घेणे हाही अविवेकच होय.

१९७७ ची गोष्ट वेगळी. पहिल्या बाजूस मर्क्युरीचे 'वी आर द चॅम्पियन्स', दुसऱ्या बाजूस ब्रायन मे यांचे 'वी विल रॉक यू'. पहिले गीत एकटे ऐकले तर ती विजेत्याची बढाई वाटते. दुसऱ्यात अखेरच्या गिटारपर्यंत साथ अशी जवळजवळ नाहीच. दोन पदाघात आणि एक टाळी, एवढाच ठेका, आणि तोही श्रोत्यांनी धरावा म्हणून योजलेला. इंग्रजी 'वी' या सर्वनामास 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद ठाऊक नाही. मराठीस तो आहे. शब्दांत येथेही 'वी' आणि 'यू' समोरासमोर उभे आहेत, हे खरे. पण ठेका त्या दोघांना एकत्र आणतो. हे ऐकून तबकडी पुन्हा उलटावी, म्हणजे पहिल्या गीतातले 'आम्ही' 'आपण' झालेले आढळते.

आज गीते सुटी सुटी ऐकली जातात. त्याबद्दल श्रोत्यांना दोष देण्यापूर्वी आम्ही अध्यापकांनी स्वतःकडे पाहावे. संग्रहातून एक कविता वेचून ती वर्षानुवर्षे शिकविताना तिच्या शेजारची कविता आम्ही कितीदा वाचून दाखविली आहे?