शाळेच्या नोंदीचें प्रामाण्य

पुण्यांतील १९९४ सालच्या हत्याकांडांत फांशीची शिक्षा झालेल्या कैद्यास सर्वोच्च न्यायालयानें २७ मार्च २०२३ रोजीं मुक्त केलें. तो निकाल कागदपत्रांच्या संग्राहकांनीं अवश्य पाहावा. बचावाचा सारा भार राजस्थानांतील एका शाळेच्या प्रवेशनोंदीवर होता. जन्म १ फेब्रुवारी १९८२. म्हणजे गुन्ह्याच्या समयीं वय साडेबारा. खटल्यांतील नांव निराळें, तरी इसम एकच, हा निर्णय आम्हांस ग्राह्य वाटतो. मात्र शाळेची नोंद म्हणूनच ती प्रमाण, असें आम्ही म्हणणार नाहीं. जुन्नर-आंबेगावकडे अशा वह्या आम्हीं स्वतः लिहिल्या आहेत; अंदाजानें घातलेली तारीख बहुधा १ जून! या नोंदीचें बळ ती वाद उपस्थित होण्यापूर्वींची आहे यांत आहे. बालकास कायद्यानें फार तर ३ वर्षें ठेवतां येतें. या कैद्याचीं २८ वर्षें तुरुंगांत गेलीं. नोंद तेव्हांही होतीच.