दिसणारे नुकसान आणि होणारे नुकसान

(ट्रॉपिकल फॉरेस्ट इन्सेक्ट पेस्ट्स; लेखक : के. एस. एस. नायर, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, २००७)

पावसाळा सरता सरता सागाच्या रानात गेलात, तर तपकिरी पडलेल्या पानांची नुसती जाळी उरलेली दिसते. एक अळी शिरा तेवढ्या ठेवून मधला हिरवा भाग खाते. 'पाहा, किडीने केवढे नुकसान केले!' असे आम्हीही विद्यार्थ्यांना अनेक वर्षे सांगत आलो. या पुस्तकाने आमची चूक आमच्या पदरात घातली.

डॉ. नायर हे केरळ वन संशोधन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ. पुढे ते संस्थेचे संचालक झाले. त्यांचा प्रश्न साधा होता : पाने खाल्ली हे खरे, पण लाकूड किती घटले? निलंबूरच्या कोवळ्या रोपवनात त्यांनी व सहकाऱ्यांनी तुलना मांडली. काही झाडांना जाळी करणाऱ्या अळीपासून वाचवले, काहींना पाने फस्त करणाऱ्या 'हायब्लिया प्युएरा'च्या अळीपासून, काहींना दोन्हींपासून. काही तशीच सोडली. पाच वर्षे मोजमाप चालले. जाळीवाल्या अळीने लाकडाच्या वाढीत लक्षणीय फरक पडला नाही. हायब्लियाने मात्र होऊ शकणाऱ्या वाढीपैकी ४४ टक्के वाढ बुडवली!

असे का व्हावे? हायब्लिया हंगामाच्या आरंभी, नवी पालवी फुटताच येते. झाड पुन्हा पालवते, म्हणून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. जाळीवाली येते तेव्हा पानांचे बरेचसे काम उरकलेले असते.

पुस्तकाचे बळ या शिस्तीत आहे. एकाच जातीच्या लागवडीत कीड हटकून वाढते, हे सर्वमान्य विधानही नायर पुरावे तपासल्यावाचून स्वीकारत नाहीत. निरनिराळ्या वृक्षांच्या किडींची प्रकरणे तर संदर्भासाठी जवळ ठेवावीत अशी आहेत.

उणीव एकच, पण शिक्षकांना जाणवेल अशी. निष्कर्ष नेटके मिळतात. ते हाती येईपर्यंतची वाटचाल, फसलेले अंदाज, रानातले कंटाळवाणे मोजमाप यांना फार थोडी जागा मिळते. संशोधनात आयुष्य कसे जाते हे विद्यार्थ्याला त्यातूनच कळले असते.

तरीही शाळेच्या ग्रंथालयाने हे इंग्रजी पुस्तक जरूर मिळवावे. आणि पुढच्या वेळी खाल्लेले पान वर्गात आणाल, तेव्हा 'कोणी खाल्ले?' एवढ्यावर थांबू नका. 'केव्हा खाल्ले, आणि झाडाचे त्यामुळे काय बिघडले?' हेही विचारा. उत्तर शोधायला न खाल्लेले झाडही शेजारी लागते, हे मुलांच्या आपोआप लक्षात येईल.