बॅटरीविरहित संवेदकांची आज्ञावली : एक चिकित्सा

प्रस्तावना : बॅटरी नसलेला संवेदक सूर्यप्रकाश, रेडिओलहरी किंवा कंपने यांपासून मिळणाऱ्या अल्प ऊर्जेवर चालतो. ही ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते. ती पुरेशी झाली की यंत्र सुरू होते आणि संपली की बंद पडते. वीज खंडित होणे हा येथे अपवाद नसून नित्यक्रम होय. आज्ञावली मात्र बहुधा अखंड वीजपुरवठा गृहीत धरून लिहिली जाते. या विसंगतीवर सुचविलेल्या प्रमुख उपायांचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नोंदीची पद्धती : रॅन्सफर्ड, सॉर्बर व फू यांनी २०११ मध्ये 'मेमेंटोज' ही प्रणाली मांडली. कपॅसिटरमधील ऊर्जा संपत आली की आज्ञावलीची स्थिती फ्लॅश मेमरीत नोंदवायची व वीज परतल्यावर तेथूनच काम पुढे न्यायचे, हे तिचे तत्त्व. आज्ञावली नव्याने लिहावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण होय. परंतु कायमस्वरूपी मेमरीतील मूल्ये थेट बदलली जाऊ लागली की केवळ अशी नोंद पुरत नाही. समजा, गणनेचा आकडा ४ आहे. त्याचे ५ झाले आणि पुढील नोंद होण्यापूर्वीच वीज गेली. जुन्या नोंदीपासून तीच आज्ञा पुन्हा चालते व ५ चे ६ होतात. एकच घटना दोनदा मोजली जाते. लुशिया व रॅन्सफर्ड यांच्या २०१५ मधील 'डिनो' प्रणालीने याच दोषाचा विचार केला.

कार्याधारित पद्धती : २०१७ मधील 'अल्पाका'मध्ये आज्ञावली लहान कार्यांत विभागली जाते. आधी वाचून नंतर बदलल्या जाणाऱ्या मूल्यांची प्रत कंपायलर करवून घेतो आणि कार्य पूर्ण झाल्यावरच बदल कायम होतो. त्यामुळे अर्धवट राहिलेले कार्य पुन्हा केले तरी मेमरी विसंगत होत नाही. मात्र कार्यांच्या सीमा आखण्याचा भार प्रोग्रामरवर येतो. भरलेल्या कपॅसिटरलाही न पेलणारे कार्य कधीच पूर्ण होत नाही; कार्ये फार लहान केल्यास सीमांवरील खर्च वाढतो. म्हणजेच आज्ञावली विशिष्ट यंत्राशी बांधली जाते.

काळाचा प्रश्न : वरील दोन्ही पद्धतींचा भर मेमरीच्या सुसंगतीवर आहे. पण सकाळी मोजलेले तापमान ऊर्जेअभावी सायंकाळी पाठवले गेले व ते 'आत्ताचे' म्हणून वाचले गेले, तर आकडा अचूक असूनही माहिती चुकीची ठरते. हेस्टर, स्टोरर व सॉर्बर यांच्या 'मेफ्लाय'ने (२०१७) माहितीची मुदत आज्ञावलीतच सांगण्याची सोय केली. यंत्र किती वेळ बंद होते हे मोजण्याची स्वतंत्र व्यवस्था त्यासाठी लागते, ही तिची मर्यादा. तरीही प्रश्नाचे मर्म तिनेच अधिक ओळखले आहे.

निष्कर्ष : काम पूर्ण होणे, मेमरी सुसंगत राहणे आणि माहिती वेळेत उपयोगी पडणे या तीन वेगळ्या कसोट्या आहेत. पहिल्या दोहोंवर उतरलेली प्रणाली तिसरीवर अपयशी ठरू शकते. संवेदकाच्या आकड्यावर जेथे निर्णय घेतला जातो, तेथे तिसरी कसोटी दुय्यम मानता येणार नाही.