गांजा-कमिशनचा अहवाल : एक साधनपरीक्षण

गांजावरील बंदी उठवावी कीं कायम ठेवावी, हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. उरुग्वेनें २०१३ सालीं, कानडानें २०१८ सालीं व जर्मनीनें २०२४ सालीं प्रौढांस कमीअधिक मोकळीक दिली. आपल्याकडेही तशी मागणी अधूनमधून ऐकूं येते. कोणता कायदा करावा हें सांगणें संशोधन-मंडळाच्या त्रैमासिकाचें काम नव्हे. परंतु या वादांत एक सव्वाशें वर्षांहून जुना कागद वारंवार पुढें येतो, आणि कागद पुढें आला म्हणजे तो पारखणें हें आमचें काम ठरतें. तो कागद म्हणजे ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’चा १८९४ सालचा अहवाल. बंदी उठवूं पाहणारे त्यास निर्दोषत्वाची सनद समजतात. बंदीचे कैवारी तो अबकारी उत्पन्न राखण्यासाठीं रचलेला म्हणून बाजूस सारतात. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं तो पुरता वाचलेला नाहीं.

प्रथम साधनाची हकीकत सांगितली पाहिजे. २ मार्च १८९३ रोजीं डब्ल्यू. एस्. केन या मद्यपाननिषेधवादी सभासदानें ब्रिटिश पार्लमेंटांत बंगाल्यांतील गांजाविषयीं प्रश्न उपस्थित केला. त्यावरून जुलै १८९३ मध्यें हिंदुस्थान सरकारनें सात जणांचें कमिशन नेमलें. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सभासदांत मुंबई इलाख्याच्या नोकरींतील ऑमनी, मध्यप्रांतांतील फ्रेझर, कलकत्त्याचे रसायनाध्यापक डॉ. वॉर्डन, व तिघे हिंदी गृहस्थ : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. सत्तर छापील प्रश्नांची यादी प्रांतोप्रांतीं पाठविण्यांत आली, ११९३ साक्षी झाल्या, आणि अहवाल व पुरावा मिळून सात खंड भरले. निर्णय थोडक्यांत असा : मध्यम सेवनानें सामान्यतः अपाय दिसत नाहीं, अतिसेवन शरीरास व मनास बाधतें, सरसकट बंदी आवश्यकही नाहीं व हितावहही नाहीं, लागवड, विक्री व कर यांच्या द्वारें नियंत्रण ठेवावें.

या अहवालाचा खरा थोरपणा या निर्णयांत नसून वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदबुकांच्या परीक्षणांत आहे. गांजानें वेड लागतें या समजुतीस त्या वेळीं मुख्य आधार या नोंदबुकांतील आंकड्यांचाच होता. कमिशननें १८९२ सालचे सर्व दाखले काढविले. एकूण १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांपुढें भांग-गांजा-चरस हें कारण लिहिलेलें होतें. एकेका रोग्याची चौकशी करतां ९८ च प्रकरणीं तें कारण कांहींसें ग्राह्य ठरलें, व त्यांतही केवळ या मादक द्रव्यांवर बोट ठेवतां येईल अशीं ६१ निघालीं. बाकीच्यांचें काय ? भटकता वेडा पोलिसांस सांपडे. त्याच्याबरोबरच्या कागदावर कारणाचा रकाना असे. तो मोकळा ठेवणें बरें दिसत नसे. कोणी म्हणे हा गांजा ओढतो, कीं तेंच कारण लिहिलें जाई. तोच शब्द पुढें इस्पितळाच्या बुकांत, तेथून वार्षिक तक्त्यांत, आणि तेथून ग्रंथांत जाई. एका नकलकाराची चूक दहा पोथ्यांत उतरली म्हणजे ती दहा साक्षींनीं सिद्ध होत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कमिशननें हाच न्याय सरकारी कागदास लावला, यास्तव संशोधकानें त्याचे आभार मानावे.

परंतु गुण मान्य केल्यावर दोषही दाखविले पाहिजेत. पहिला दोष अनुमानाचा. नोंद अविश्वसनीय ठरली एवढ्यावरून आरोप खोटा ठरत नाहीं. तो असिद्ध ठरतो इतकेंच. कमिशननें पाहिलें तें एका वर्षाचें, आणि इस्पितळापर्यंत पोंचलेल्या रोग्यांचें. गांजा ओढणारे व न ओढणारे अशा दोन समूहांचा पुढें वर्षानुवर्षें मागोवा घेणें ही पद्धति तेव्हां उपलब्धच नव्हती. ती पुढें वापरली गेली तेव्हां काय दिसलें ? स्वीडनमधील ४५ हजारांवर लष्करी तरुणांचा पंधरा वर्षें मागोवा घेऊन १९८७ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यांत भरतीपूर्वीं पन्नासांहून अधिक वेळां या द्रव्याचें सेवन केलेल्यांत स्किझोफ्रेनियाचें प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारें सहापट आढळलें. यांतील सर्व फरक गांजाचाच असें म्हणतां येत नाहीं, कारण इतर कारणेंही त्यांत मिसळलेलीं असतात. पण १८९४ च्या निर्णयावर हवाला ठेवून हा पुरावा डावलणें म्हणजे जुन्या पोथीसाठीं नवा ताम्रपट न वाचणें होय. शिवाय, ज्याची प्रकृति मूळचीच मनोविकाराकडे झुकलेली आहे त्यास मध्यम सेवनही बाधूं शकेल, असें खुद्द कमिशननेंच नमूद केलें आहे. सनद म्हणून अहवाल दाखविणारे हें वाक्य गाळतात.

दुसरा दोष शब्दाचा. ‘मध्यम सेवन’ म्हणजे किती, याचें मोजमाप अहवालांत पक्कें नाहीं; साक्षीदारागणिक त्याचा अर्थ बदलतो. आणि सेवन कशाचें ? या वनस्पतींतील मुख्य मादक घटक टी. एच्. सी. शुद्ध स्वरूपांत वेगळा काढून त्याची रचना निश्चित झाली ती १९६४ सालीं. कमिशनपुढें होता तो अहमदनगर, खांडवा, नौगांव येथील शेतांतला माल व घोटलेली भांग. आज परदेशीं दुकानांतून विकला जाणारा माल निवडक पैदाशीचा, आणि कित्येकदां त्याचा नुसता अर्क. युरोपांत व ब्राझिलांत मिळून अकरा ठिकाणीं झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, शेंकडा दहा किंवा अधिक टी. एच्. सी. असलेला माल रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचा संभव न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पांचपट दिसला. शब्द तोच राहिला, वस्तु पालटली.

शब्द तोच व वस्तु निराळी, हा घोटाळा अहवालाच्या तिसऱ्या खंडांतील दोन टिपणें वाचतांना विशेष ध्यानांत ठेवावा लागतो. एक ग्रिअर्सन यांचें, संस्कृत व हिंदी ग्रंथांतील उल्लेखांविषयीं. दुसरें मुंबई गॅझेटियरचे संपादक कॅम्बेल यांचें, भांगेच्या धर्मसंबंधाविषयीं. ‘हजारों वर्षें आपल्याकडे हें चालत आलें आहे’ या आजच्या युक्तिवादाचा बराचसा दारूगोळा येथून येतो. अथर्ववेदांत भंगेचा उल्लेख आहे हें खरें. पण वनस्पतीचें नांव आढळणें निराळें, आणि तिचें मादक म्हणून सेवन सिद्ध होणें निराळें. ‘विजया’ शब्द जुन्या वैद्यकांत पुष्कळदां हिरड्याच्या एका जातीचा वाचक आहे. म्यूलेनबेल्ड यांनीं १९८९ सालीं दाखविलें कीं वैद्यकग्रंथांत औषध म्हणून भांग उशीरां येते. वंगसेनाचा चिकित्सासारसंग्रह हा तिचा आरंभींच्या आधारांपैकीं एक, आणि तो अकराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा. गोव्यांत १५६३ सालीं छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या संवादग्रंथांत भांगेचें प्रकरण आहे. तें मात्र निश्चित तारखेचें साधन. परंपरा जुनी आहे. पण जितकी सांगतात तितकी नव्हे, आणि जुनी असली तरी तेवढ्यानें ती निरुपद्रवी ठरत नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाचा आक्षेप. सरकारला गांजापासून उत्पन्न होतें, म्हणून अहवाल सरकारधार्जिणा, असें म्हणतात. उत्पन्न होतें यांत संशय नाहीं, व साक्षीदारांत सरकारी नोकरांचा भरणा होता हेंही खरें. परंतु हेतु दाखवून दिला म्हणजे पुरावा खोडला असें होत नाहीं. नोंदबुकांची तपासणी ज्याला खोडावयाची असेल त्यानें तीं प्रकरणें पुन्हां तपासावीं. मात्र एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. तिघां हिंदी सभासदांपैकीं दोघांनीं, राजा शशिशेखरेश्वर व लाला निहालचंद यांनीं, आपापलीं भिन्नमतपत्रिका जोडली आहे. या पत्रिकांचा नामनिर्देशही न करतां ‘कमिशननें एकमतानें ठरविलें’ असें जे लिहितात, ते साधनाशीं प्रामाणिक राहत नाहींत.

सध्यांच्या कायद्याची स्थितिही ध्यानांत घ्यावी. १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार व त्यानंतर १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा यांनीं गांजा व चरस यांवर बंदी आणली. नुसतें पान, म्हणजे भांग, १९८५ च्या कायद्याच्या व्याख्येंतून बाहेर राहिलें व राज्यांकडे गेलें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणींत, दहा ते पंचाहत्तर वर्षांच्या वयांत गेल्या वर्षभरांत भांग, गांजा वा चरस घेतलेले सुमारें तीन कोटी दहा लक्ष लोक आढळले; त्यांपैकीं साहाय्याची गरज असलेले सुमारें बहात्तर लक्ष. हीं माणसें कोणत्याही पक्षाच्या वादापेक्षां मोठीं आहेत. मोकळीक असो वा बंदी असो, त्यांचा रोग कशानें झाला हें लिहिणारा कारकून आजही आहे व त्याचा रकानाही आहे. वयाचा, मात्रेचा व मालाचा तपास न करतां तो भरला, अगर मुळींच भरला नाहीं, तर १८९२ चीच चूक पुन्हां होईल.

शेवटीं संग्राहकांस विनंति. कुलाबा, पुणें, रत्नागिरी येथील जुन्या वेड्यांच्या इस्पितळांचे कागद, गांजाविक्रीचे अबकारी परवाने, व घरोघरच्या वैद्यकीच्या बाडांतील भांगेचे पाठ हातीं आल्यास ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. पाठ उतरवितांना नकलेचा शक, द्रव्याचें नांव आणि सांगितलेली मात्रा हीं तिन्ही जशींच्या तशीं टिपावीं; ‘विजया’ दिसतांच भांग असें कंसांत लिहूं नये. असा एकेक रकाना खरा भरला गेला, तरच कमिशनच्या सात खंडांस पुढें जोडण्याजोगें कांहीं आपल्या हातून होईल.